प्रेमानंद सरांनी चुकवलेला सत्कार

आमच्या आखाडा बाळापुरात लेकरू दहावीला गेलं की आईबाप दोन ठिकाणी जातात. आधी शिकवणीच्या सरांकडे, आणि तिथून घाबरून बाहेर पडले की प्रेमानंद सरांकडे. प्रेमानंद सर खेळाचे शिक्षक. पण त्यांच्याकडे खेळाबद्दल विचारायला सहसा कोणी जात नाही. पोराला खेळाचे वाढीव गुण मिळतील का, पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात त्यात ते बसेल का, आणि हे सगळं फारसं न खेळता जमेल का, एवढंच विचारायचं असतं. सर सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, उद्या सकाळी सहाला मैदानावर पाठवा. निम्मी मुलं येत नाहीत. उरलेल्या निम्म्यांवर सरांचं आयुष्य चाललं आहे.

सर आमच्या शेजारचे. मधली भिंत इतकी बुटकी की वाटीभर साखर द्यायला कुणाला पायरी उतरावी लागत नाही. त्यांच्या पत्नी करुणाताई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहेत. सर रुजू झाले तेव्हा शाळा विनाअनुदानित होती, म्हणजे काम शाळेत आणि पगार शासनाच्या मनात. पुढे वीस टक्के अनुदान आलं. उरलेलं येणार आहे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही ते येणारच होतं, आणि आता माझी देवश्री अकरावीत आहे. कुणी विचारलंच तर सर सांगतात, "आमच्या घराला शंभर टक्के अनुदान हाये. रोज सकाळी आठला दवाखान्यात जातं." करुणाताई हे वाक्य ऐकून कंटाळल्या आहेत, पण हसायच्या अजून थांबलेल्या नाहीत.

असा माणूस गावच्या मुलांना भविष्याचं नियोजन शिकवतो. मी हे कुचेष्टेनं लिहीत नाही. चष्मा लावणारा डोळ्यांचा डॉक्टर आपल्याला चालतोच की.

सरांची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची आहे. खो-खोत आठ मुली रांगेनं पाटीवर बसतात, नववी पळते, आणि पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की बसलेलीनं उठून पळायचं. सरांच्या सरावात नुसत्या 'खो'वर उठता येत नाही. आधी एक व्याख्या नाहीतर सूत्र म्हणायचं, मग उठायचं. चुकलं तर बसून राहायचं, आणि तुमच्या पाठीत थाप घालून थांबलेली मैत्रीण तुमच्याकडे जे बघते ते सोसायचं. लांबून बघणाऱ्याला हा खेळ कमी आणि तोंडी परीक्षा जास्त वाटते. कट्ट्यावरची रिकामी मंडळी हसतात. पण माझी देवश्री पोळ्या लाटता लाटता न्यूटनचा तिसरा नियम म्हणायला लागली की तो कुठल्या पाटीवर पाठ झाला हे मला बरोबर कळतं.

याशिवाय सरांचे तीन प्रश्न आहेत. संघात येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारतात. खेळ सुटला तर काय करशील? शिक्षण सुटलं तर काय करशील? आणि दोन्ही जमलं तर काय करशील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं धडाधड देतात. किराणा दुकान, शेती, लग्न, मामाकडे पुण्याला. तिसऱ्याला सगळी गप्प होतात. दोन्ही जमेल असं घरी कुणी बोललेलंच नसतं. सर म्हणतात, खरा अभ्यास तिसऱ्या प्रश्नाचा आहे. करुणाताई भिंतीपलीकडून म्हणतात, "तिसऱ्याचं उत्तर माझ्या घरात बसलंय. खेळबी जमला, पदवीबी झाली. आता वीस टक्के हाये."

या तीन प्रश्नांत आकांक्षा सापडली ती तीन वर्षांपूर्वी. तिचे वडील किशनराव हळदीच्या दिवसांत हळद शिजवायचा कुकर घेऊन शेतोशेत फिरतात आणि आई कमलबाई त्यांच्यासोबत असते. ही पोरगी पळते असं म्हणणं बरोबर होणार नाही. ती आत्ता इथे असते, आणि पकडणारीचा हात पोचतो तेव्हा नसते. सरांनी तिला तिसरा प्रश्न विचारला तेव्हा तिनं क्षणभर विचार करून सांगितलं, तुमच्यासारखं व्हायचं सर. सरांनी ताबडतोब सांगितलं, दुसरं उत्तर आण. तेव्हापासून ती दुसरं उत्तर शोधते आहे आणि बारावी विज्ञानापर्यंत येऊन पोचली आहे.

तिच्याच संघात निलम होती. जवळच्या वाडीवरून रोज एसटीनं येणारी, तीन वर्षं राखीव. राखीव म्हणजे खेळ सोडून बाकी सगळं करणारी. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावायच्या, बाहेरगावी गेलं की कोण कुठल्या खिडकीशी बसली आणि कुणाची पिशवी कुठे राहिली हे ध्यानात ठेवायचं. सरांच्या तिन्ही प्रश्नांना तिचं एकच उत्तर होतं. "बघू सर."

तर या डिसेंबरात विभागीय स्पर्धेत आकांक्षा असं काही खेळली की राज्याच्या संघासाठी पुण्याला होणाऱ्या निवड चाचणीला तिचं नाव गेलं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली ती बरोबर आली होती. चाचणीसाठी निवड. संध्याकाळपर्यंत ती बऱ्याच हातांतून गेली आणि दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला तेव्हा त्यावर होतं, राज्य संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मी देवश्रीला म्हटलं, अगं 'चाचणीसाठी' राहिलं की. तिनं बॅनर नीट बघून मला दाखवलं की ते बसतच नव्हतं. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष सूर्यकांत साहेब यांच्या नावाआधी चार विशेषणं होती, आणि त्यातलं कुठलं कमी करायचं हा प्रश्न बॅनरवाल्यानं स्वतःच्या हिमतीवर सोडवला होता.

मग सत्कार सुरू झाले.

आधी ग्रामपंचायतीनं केला. मग पतसंस्थेनं, मग नव्या मोबाइलच्या दुकानानं, कारण उद्घाटनाला कोणीतरी हवंच होतं. मग दोन तरुण मंडळांनी वेगवेगळा केला, कारण एकत्र केला असता तर तो दोघांपैकी कुणाचाच झाला नसता. संक्रांतीचे दिवस होते, तेव्हा आमच्या महिला मंडळानं हळदीकुंकवात तिला बोलावलं. आम्ही तरी मागे का राहायचं? प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ, गुच्छ आणि भाषण. प्रत्येक भाषणात तिनं अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नये असा सल्ला, जो ऐकायला ती अभ्यास सोडून बसलेली. कमलबाईंच्या घरी इतके नारळ झाले की त्यांनी शेजारीपाजारी वाटले, आणि त्यातले दोन फिरून पुढच्या सत्कारात पुन्हा आकांक्षाच्याच हातात आले. एका मंडळानं तिला ट्रॅक्टरवर उभं करून चौकातून फिरवलं. उतरताना पाय मुरगळला. सूज दोन दिवसांत उतरली, पण त्या दोन दिवसांत सर ज्या चेहऱ्यानं फिरत होते त्यावरून पाय त्यांचाच मुरगळला असं वाटावं.

सर एकेकाकडे जाऊन विनंती करत होते की चाचणी होऊन जाऊ द्या, मग करा. सगळे एकमुखानं म्हणायचे, "तवाबी करू की सर." सत्काराला नाही म्हणायची सोय आपल्याकडे नाही. उसने पैसे नाकारता येतात, लग्नाला जायचं टाळता येतं, पण शाल घेऊन दारात आलेल्या माणसाला परत पाठवलं तर तो नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतो.

एका संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर देवश्रीला आणि आकांक्षाला पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं समजावत होते. म्हणजे पुस्तक त्या दोघी वाचत होत्या आणि सर लक्ष ठेवून होते, कारण त्यांची पदवी इतिहासाची. चाचणीनंतर लगेच आकांक्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सरांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. जायचं, खेळायचं, रात्रीच्या गाडीनं परत यायचं, एक दिवस झोपायचं आणि परीक्षेला बसायचं. आकांक्षा लंबकाच्या आकृतीकडे बघत एकदम म्हणाली,

"सर, निवड न्हाई झाली तर मी गावात कशी येऊ?"

सरांनी पुस्तक मिटलं.

"बसनं," ते म्हणाले. "नांदेडहून दर अर्ध्या तासाला हाये."

पोरगी हसली, पण रडायच्या बेतानं. ती गेल्यावर सर भिंतीला टेकून उभे राहिले. हरायची भीती घेऊन पळणारी पोरगी मागे बघत पळते, आणि मागे बघणारी पहिल्या मिनिटात बाद होते, एवढंच ते म्हणाले. गावानं तिच्या पाठीवर आधीच थाप मारून ठेवली होती. आता तिला एकच गोष्ट हवी होती. शांतपणे गाडीत बसून चाचणीला जायला मिळणं.

नेमका ती निघायची त्याच दिवशी सूर्यकांत साहेबांनी भव्य सत्कार ठेवला.

पाहुणे मोठे होते, इतके की त्यांची तारीख मिळणं हाच एक सत्कार होता. आकांक्षाची पुण्याची रेल्वे नांदेडहून संध्याकाळी होती. त्यासाठी बाळापुराहून तीनच्या आत बस धरायला हवी होती. सर साहेबांकडे गेले. तारीख बदलता येईल का हे विचारायला गेले होते, पण साहेबांच्या समोर शाळेतल्या शिक्षकाचे प्रश्न आपोआप लहान होतात. अनुदानाच्या पुढच्या टप्प्यासाठी सरांचा प्रस्ताव साहेबांच्या सहीसाठी पडून होता, हेही गावाला ठाऊक होतं.

साहेब प्रेमानं म्हणाले, "अकराला सुरू, बाराला संपलं. पाव्हणे टायमाचे लई पक्के हायेत सर. पोरीला जेऊन-खाऊन आरामात पाठवा."

सरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा करुणाताईंनी फक्त विचारलं की आपल्या गावात बाराच्या आत काय काय संपलेलं आहे. सरांना दूध सोडून दुसरं काही आठवेना.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मंडप पडला. खो-खोचा एक खांब मंडपाच्या मधोमध आला, त्याला फुगे बांधले. मुलं दहापासून रांगेत बसवली होती. आम्ही बायका डाव्या बाजूला. व्यासपीठावर आकांक्षा संघाच्या निळ्या ट्रॅकसूटमध्ये, शेजारी नव्या लुगड्यातल्या कमलबाई. किशनरावांचा कुकर त्या दिवशी लांबच्या शेतात पेटलेला होता, तो अर्ध्यावर विझवता येत नाही, म्हणून ते नव्हते. खुर्चीवर बसून आकांक्षा ओठांत काहीतरी पुटपुटत होती. लोकांना वाटलं पोरगी देवाचं नाव घेते आहे. ती लंबकाचं सूत्र म्हणत होती.

अकरा वाजले. पाहुणे हिंगोलीहून निघाल्याचा फोन आला. बारा वाजले. पाहुणे हिंगोलीहून आत्ताच निघाल्याचा फोन आला. शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हणून घेतलं, मग पुन्हा म्हटलं, मग सवय राहावी म्हणून एकदा आणखी. एकच्या पुढे पाहुणे कळमनुरीत कुणाकडे तरी चहाला थांबल्याचं कळलं. दोन वाजता चहाचं जेवण झाल्याचं कळलं. साहेब माइकवर सांगत होते की पाहुणे आता कोणत्याही क्षणी येतील. क्षण बरेच येऊन गेले.

मी सरांकडे बघत होते. मंडपाच्या कडेला उभे, एक डोळा घड्याळावर, एक व्यासपीठावर. त्यांनी साहेबांच्या कानाशी जाऊन दोनदा काही सांगितलं. साहेबांनी दोनदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. पाहुणे आले आणि खुर्ची रिकामी दिसली तर काय, एवढंच त्यांचं म्हणणं. तिसऱ्यांदा सर गेले नाहीत.

अडीचच्या सुमाराला शाळेच्या मागच्या फाटकात करुणाताई येऊन थांबल्या. पोरीसोबत बाईमाणूस हवं म्हणून त्यांनी रजा घेतली होती. हातात दोन पिशव्या. त्यांनी लांबून सरांना नुसतं मनगट वर करून दाखवलं.

सर चपलांच्या ढिगापाशी गेले. तिथं निलम उभी होती, तिच्या नेहमीच्या जागी. अंगात तोच निळा ट्रॅकसूट. पाठीवर नाव छापायचे वेगळे पैसे पडतात म्हणून सगळ्यांच्या पाठीवर फक्त शाळेचं नाव होतं. मी आणि देवश्री दोन हातांवर होतो, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"निलम, वर जाऊन खुर्चीवर बस."

"काहून सर?"

"बदली."

तीन वर्षं ती हा एकच शब्द ऐकायला मैदानाच्या कडेला उभी होती. तिनं पुढचं काही विचारलं नाही. मैदानात उतरताना काढतात तशा चपला काढल्या, केसांचा रबर घट्ट केला आणि व्यासपीठाच्या मागून वर गेली. आकांक्षा पाणी प्यायला उठल्यासारखी उठली आणि परत आली नाही. कमलबाईंनी शेजारी आलेल्या पोरीकडे पाहिलं, मग खाली सरांकडे पाहिलं. मग पदर सावरला आणि निलमला नीट बसता यावं म्हणून थोडं सरकल्या.

समोर शाळेची सगळी मुलं होती. त्यांनी पाहिलं. सगळा गाव होता. त्यानंही पाहिलं. आणि एवढ्या माणसांत एकजणही बोललं नाही. माझ्या मागच्या बाईनं फक्त शेजारणीला सांगितलं की बरं झालं, पोरीची गाडी चुकली असती. चहा वाटणाऱ्या पोरांनी निलमपुढे बशी धरताना मान लववली. साहेब रस्त्याकडे तोंड करून फोनवर होते. त्यांची पाठच फक्त व्यासपीठाकडे होती.

पाहुणे चारच्या पुढे आले. घाईत होते, पुढे आणखी दोन गावं होती. हार झाले, स्वागतगीत झालं, आणि सूत्रसंचालकानं "आपल्या गावाची शान" असं म्हणून निलमला पुढे बोलावलं. सूत्रसंचालक शाळेतलेच मराठीचे सर होते. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते कागदाकडे बघून इतके खोकले की नाव खोकल्यात गेलं. पाहुण्यांनी शाल घातली. साहेबांनी दुसऱ्या टोकाला हात लावला, छायाचित्रकाराकडे बघून हसले, मग पोरीकडे बघितलं, आणि हसू तसंच राहिलं. हसू तसंच ठेवून ते डोळ्यांनी मंडपभर सरांना शोधत होते.

पाहुणे भले गृहस्थ. त्यांनी निलमच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक तिच्यापुढे धरून विचारलं, एवढं मोठं यश मिळालं, आता पुढे काय व्हायचं ठरवलंय? देशाचं नाव काढायचं, हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पाहुण्यांची मान आधीच तशी हलायला लागली होती.

निलमनं माइककडे बघितलं. मग खाली, चपलांच्या ढिगाशी उभ्या असलेल्या सरांकडे.

"एसटीत कंडक्टर," ती म्हणाली.

मग मागच्या बाजूनं, जिथं वाडीवरची माणसं बसली होती, तिथून टाळी सुरू झाली आणि ती पुढेपर्यंत आली. पाहुण्यांनी नम्रपणावर दोन वाक्यं बोलून वेळ मारून नेली. आजकाल इतक्या उंचीवर पोचूनही पाय जमिनीवर असलेली मुलं कुठे मिळतात, वगैरे. सर मात्र तोंडावर हात धरून उभे होते. तीन वर्षं ज्या पोरीकडून "बघू सर" सोडून काही निघालं नव्हतं, तिनं सगळं बघूनच ठेवलं होतं, आणि सांगायला तिला फक्त कुणीतरी खुर्चीवर बसवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सरांना कार्यालयात बोलावलं. तिथं काय झालं ते सरांनी भिंतीपाशी उभं राहून आम्हाला सांगितलं. त्यांच्या घरात ऐकायला कोणी नव्हतं, करुणाताई पुण्याला होत्या. साहेब रागावले नव्हते, हीच काळजीची गोष्ट होती. समोर पेपर पसरून बसले होते. फोटो मोठा आला होता. पाहुणे, शाल, निलम, आणि साहेब पूर्ण, कुठेही न कापता.

"सर, ही पोरगी कोन?"

"निलम, साहेब. राखीव खेळाडू."

"आन खरी?"

"तिला गाडीत बसवलं. बदली खेळाडूची सोय नियमात हाये साहेब."

साहेबांनी फोटोखालची ओळ वाचली. छापून आकांक्षाचं नाव आलं होतं. म्हणजे तक्रार करायची तर आधी हे कबूल करायला हवं होतं की आपण मोठ्या पाहुण्यांच्या हातून भलत्याच पोरीला शाल पांघरवली आणि शेजारी उभं राहून हसलो. त्यांनी पेपरची घडी केली. मग नेहमीसारखं म्हणाले, तुमच्या प्रस्तावाचं बघू. पण या वेळच्या 'बघू'त काहीतरी कमी होतं, असं सरांना वाटलं. रात्री त्यांनी ते फोनवर करुणाताईंनाही सांगितलं. फोनचा आवाज मोठा ठेवायची सरांना सवय आहे, त्यामुळे उत्तर आमच्या अंगणापर्यंत आलं.

"आधीच्या 'बघू'नं काय दिलं होतं?"

मग त्यांनी खरी बातमी सांगितली. आकांक्षाची निवड झाली होती. खरोखरची, राज्याच्या संघात. पोरगी एकदाही मागे बघून पळाली नाही, म्हणाल्या.

सर लगेच चप्पल घालून बाहेर पडले. चौकात जो भेटेल त्याला सांगत सुटले की आकांक्षाची राज्य संघात निवड झाली. लोक त्यांच्याकडे जरा काळजीनं बघत होते. पतसंस्थेचे चेअरमन म्हणाले, "व्हय, त्याला महिना झाला की सर." मोबाइलच्या दुकानदारानं बोटानं बॅनर दाखवला. मंडळांच्या पोरांनी विचारलं की सर, तब्येत बरी हाये ना. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, ते तर झालंय ना आपलं, आणि फोन ठेवला. एकाच गोष्टीसाठी दोनदा नारळ कोण देणार?

सर घरी परतले तेव्हा मला वाटलं होतं खट्टू झाले असतील. ते भिंतीवर दोन्ही हात ठेवून हसत उभे होते. आता त्या पोरीला कुणी बोलावणार नव्हतं. ना शाल, ना ट्रॅक्टर, ना भाषण. तिनं पुढचे सगळे दिवस आमच्या ओट्यावर बसून अभ्यास केला आणि वाटेनं जाणाऱ्या एकानंही तिला उठवलं नाही. प्रात्यक्षिकाला लंबकच आला. राज्याच्या संघाची स्पर्धा बारावीची लेखी परीक्षा संपल्यानंतर होती. एवढं एक वेळापत्रक सरांनी न मागता जुळून आलं.

सरांच्या प्रस्तावावर अजून सही झालेली नाही. निलमनं पेपरातला फोटो कापून घरी लावला आहे, कापताना खालची नावाची ओळ तेवढी सोडून. चौकातला बॅनर वाऱ्यानं एका बाजूनं सुटला तेव्हा कमलबाई तो काढून घेऊन आल्या आणि मजुरीत मिळालेली हळद त्यावर वाळत घातली. एवढं धड प्लास्टिक वाया कशाला घालायचं? साहेब आणि त्यांची चारही विशेषणं हळदीखाली गेली. आकांक्षाचा चेहरा कडेला होता, तो मोकळा राहिला.

स्पर्धेला जायच्या सकाळी बसथांब्यावर आम्ही मोजकीच होतो. सर, करुणाताई, कमलबाई, देवश्री, मी, आणि वाडीवरून पहिल्या गाडीनं आलेली निलम. कमलबाईंना जरा लागलं होतं. एवढी मोठी मिरवणूक काढणारं गाव, आणि आज खरंच चालली तर वाटेला लावायला एक माणूस नाही.

"कुनीच आलं न्हाई सर," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर गाडी भेटली ताई," सर म्हणाले.

निलमनं आकांक्षाची पिशवी घेतली, गाडीत चढून सांगितल्याशिवाय वरच्या फळीवर नीट बसवली, खिडकीची जागा धरून दिली, दोन म्हाताऱ्यांना पुढे सरकवून उभ्यांना वाट केली. मग उतरता उतरता दाराशी क्षणभर थांबली, वर बघितलं आणि घंटी दोनदा वाजवली. ड्रायव्हरनं गाडी काढली. निलमनं उडी मारली. खरा कंडक्टर टपरीवर चहाचा कप हातात घेऊन उभा होता. कप तिथंच ठेवून तो गाडीमागं ओरडत पळाला.

सर त्याच्या पळण्याकडे बघत होते. "पाय उचलत न्हाई," ते म्हणाले. "पण दम हाये."